द हू या रॉक समूहाच्या लीड्स विद्यापीठातील दोन मैफली (१९७० व २००६) : घटना आणि नोंद

प्रस्तावना

मैफल ही क्षणिक कला आहे. चित्र भिंतीवर राहते, ग्रंथ कपाटात राहतो. पण गायन-वादन संपताच ते केवळ उपस्थितांच्या स्मरणात उरते. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रणाने ही परिस्थिती बदलली. झालेली मैफल पुन्हा ऐकता येऊ लागली आणि त्याबरोबरच एक नवा प्रश्न निर्माण झाला. एखादी मैफल ‘ऐतिहासिक’ ठरते ती तिच्या गुणवत्तेमुळे, की तिची नोंद टिकली म्हणून? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ‘द हू’ या ब्रिटिश रॉक संगीतसमूहाने इंग्लंडमधील लीड्स या शहरी दिलेल्या भेटी हे उत्तम उदाहरण आहे. १४ फेब्रुवारी १९७० रोजी या समूहाने लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात कार्यक्रम सादर केला. त्याच्या मुद्रणातून ‘लाइव्ह ॲट लीड्स’ ही ध्वनिमुद्रिका तयार झाली आणि रॉक संगीतातील प्रत्यक्ष मैफलींच्या मुद्रणांत ती आजही अग्रगण्य मानली जाते. ३६ वर्षांनंतर, १७ जून २००६ रोजी, समूहाचे हयात असलेले दोन सदस्य त्याच भोजनगृहात पुन्हा गायले.

प्रस्तुत लेखात या दोन मैफलींची पार्श्वभूमी, पहिल्या मैफलीच्या मुद्रणाची प्रक्रिया, दुसऱ्याच दिवशी हल या शहरात झालेल्या व दीर्घकाळ विस्मृतीत राहिलेल्या मैफलीशी तिची तुलना आणि या साऱ्याचा महाराष्ट्रातील अहमदनगर परिसराशी असलेला संबंध यांचे विवेचन केले आहे.

शहर, विद्यापीठ आणि भोजनगृह

लीड्स हे उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील शहर लंडनपासून सुमारे ३०० किलोमीटर अंतरावर आहे. लोकरीचा व्यापार, कापडगिरण्या व तयार कपड्यांचा उद्योग यांवर या शहराची भरभराट झाली. येथील विद्यापीठास १९०४ मध्ये स्वतंत्र सनद मिळाली. लंडन ही देशाची राजधानी तशीच संगीत-व्यवसायाचीही राजधानी होती; मुद्रणालये, ध्वनिमुद्रिका कंपन्या, वृत्तपत्रे असे सर्व काही तेथे एकवटले होते. अशा व्यवस्थेत लीड्ससारख्या प्रादेशिक शहराच्या वाट्याला सामान्यतः श्रोत्याचीच भूमिका येत असे.

मात्र १९६० च्या दशकात ब्रिटनमधील उच्च शिक्षणाचे स्वरूप झपाट्याने बदलले. १९६२ च्या शिक्षण कायद्यामुळे पात्र विद्यार्थ्यांचे शुल्क व निर्वाह-अनुदान स्थानिक प्रशासनांकडून मिळू लागले. १९६३ मध्ये रॉबिन्स समितीने उच्च शिक्षणाच्या विस्ताराची शिफारस केली. विद्यार्थिसंख्या वाढली आणि विद्यार्थी संघांची आर्थिक ताकदही वाढली. या संघांत करमणुकीच्या कार्यक्रमांची जबाबदारी निवडून आलेल्या विद्यार्थी-पदाधिकाऱ्याकडे असे. समूहाशी बोलणी, मानधन, तिकीटविक्री, रंगमंच, बंदोबस्त ही सर्व कामे विद्यार्थीच करीत.

नेमक्या याच काळात रॉक संगीतही बदलत होते. तीन मिनिटांच्या नृत्यगीताची जागा दीर्घ, सलग ऐकण्याच्या रचनांनी घेतली होती. नृत्यगृहांतील श्रोत्यांना नाचायचे असे. विद्यापीठांतील श्रोते बसून किंवा दाटीवाटीने उभे राहून ऐकण्यास तयार असत. त्यामुळे विद्यापीठांची सभागृहे व भोजनगृहे हा रॉक समूहांच्या दौऱ्यांचा महत्त्वाचा मार्ग बनला. लीड्सचे भोजनगृह, म्हणजेच ‘रिफेक्टरी’, त्यांपैकी एक होते. दिवसा जेथे विद्यार्थी जेवत, तेथेच रात्री टेबले हलवून सुमारे २,००० श्रोत्यांची सोय होई. संगीतासाठी न बांधलेली ही वास्तू विद्यार्थ्यांच्या संघटनशक्तीमुळे संगीताचे केंद्र बनली.

समूहाची स्थिती : १९६९ ते १९७०

‘द हू’ हा समूह १९६४ मध्ये लंडनमध्ये या नावाने पुढे आला. रॉजर डाल्ट्री (गायन), पीट टाउनशेंड (गिटार व प्रमुख गीतरचना), जॉन एंटविसल (बास गिटार) आणि कीथ मून (ड्रम) असे त्याचे चार सदस्य होते. लीड्सच्या मैफलीच्या वेळी या चौघांपैकी एकानेही वयाची २६ वर्षे पूर्ण केलेली नव्हती.

या समूहाची वाद्यरचना समजून घेणे पुढील विवेचनाच्या दृष्टीने आवश्यक आहे. गायनाच्या साथीला केवळ तीन वाद्ये होती. टाउनशेंड यांचे गिटार बहुतांशी स्वरसमूहांच्या आघातांनी लय धरून ठेवी. मून यांचे ड्रमवादन ठेक्यापुरते मर्यादित न राहता सतत उसळत असे. अशा वेळी सुरावटीचा मोठा भाग एंटविसल यांच्या बास गिटारवर येई. अन्य समूहांत पार्श्वभूमीला राहणारे हे वाद्य येथे अग्रभागी होते. बास वगळल्यास या समूहाच्या संगीताचा कणाच निघून जाई.

मे १९६९ मध्ये ‘टॉमी’ हा दोन तबकड्यांचा संच प्रसिद्ध झाला. दृष्टी, श्रवण व वाचा यांना पारख्या झालेल्या एका मुलाची कथा त्यात गीतांच्या मालिकेतून सांगितली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समूहाने अमेरिकेतील वुडस्टॉक महोत्सवात हजेरी लावली. या यशामुळे प्रत्यक्ष मैफलीची ध्वनिमुद्रिका काढण्याची कल्पना बळावली आणि अमेरिकेच्या दौऱ्यातील कार्यक्रमांचे मुद्रणही करण्यात आले. परंतु परतल्यावर तासन्‌तासांच्या त्या फिती ऐकून निवड करणे अशक्यप्राय वाटू लागले. टाउनशेंड यांनी पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार, त्यांनी ध्वनितंत्रज्ञ बॉब प्रिडन यांना त्या फिती जाळून टाकण्यास सांगितले. त्याऐवजी उत्तर इंग्लंडमधील दोन लागोपाठच्या मैफलींचे नव्याने मुद्रण करावे असे ठरले : १४ फेब्रुवारी रोजी लीड्स विद्यापीठ आणि १५ फेब्रुवारी रोजी हल येथील नगर सभागृह.

दोन रात्री, एक ध्वनिमुद्रिका

दोन्ही ठिकाणी एकच समूह, जवळपास तीच गीते, तोच क्रम आणि तीच फिरती मुद्रणयंत्रणा होती. हल हे लीड्सच्या पूर्वेस असलेले बंदर-शहर. तेथील नगर सभागृह विसाव्या शतकाच्या आरंभी सार्वजनिक समारंभ व संगीत यांसाठीच उभारले गेले होते. लीड्सची वास्तू मात्र भोजनासाठी होती. पूर्वानुमान करावयाचे झाल्यास हलचीच निवड होईल असे कोणासही वाटले असते.

प्रत्यक्षात उलट घडले आणि त्याचे कारण तांत्रिक होते. आठ पथांच्या मुद्रणपद्धतीत गायन व प्रत्येक वाद्य यांचा ध्वनी फितीच्या वेगवेगळ्या पथांवर साठवला जातो. नंतर मुद्रणालयात या पथांचे प्रमाण ठरवून अंतिम मिश्रण केले जाते. एखाद्या पथावर ध्वनीच पोहोचला नसेल, तर ते वाद्य पुढे निर्माण करता येत नाही. हलच्या मुद्रणात सुरुवातीच्या काही गीतांत बास गिटारचा ध्वनी फितीवर उतरलेलाच नव्हता. वर नमूद केल्याप्रमाणे या समूहाच्या बाबतीत ही उणीव दुरुस्त होण्याजोगी नव्हती. त्यामुळे हलच्या फिती बाजूला ठेवण्यात आल्या आणि लीड्सचे मुद्रण स्वीकारण्यात आले.

लीड्सचे मुद्रणही निर्दोष नव्हते. फितीवर ठिकठिकाणी खरखर व टकटक असे आवाज उमटले होते. साथीच्या गायनाचा काही भाग नीट न उतरल्याने तो मुद्रणालयात पुन्हा गाऊन घ्यावा लागला. खरखर काढून टाकणे त्या काळच्या तंत्राने शक्य नसल्याने तबकडीच्या लेबलवर, हे आवाज तसेच राहू द्यावेत, दुरुस्त करू नयेत, अशा अर्थाची हस्तलिखित सूचना छापण्यात आली. दोष लपविण्याऐवजी तो जाहीर करण्यात आला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

मे १९७० मध्ये ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली. तिचे वेष्टन साध्या तपकिरी पुठ्ठ्याचे होते आणि त्यावर रबरी शिक्का मारल्यासारखे समूहाचे व ध्वनिमुद्रिकेचे नाव होते. त्या सुमारास नामवंत कलावंतांच्या मैफलींची चोरटी मुद्रणे अशाच साध्या, शिक्का मारलेल्या वेष्टनांत विकली जात होती; अधिकृत ध्वनिमुद्रिकेने मुद्दाम त्यांचे रूप घेतले. वेष्टनात जुन्या छायाचित्रांच्या व समूहाच्या कागदपत्रांच्या प्रतिकृती घातल्या होत्या. त्यांत वुडस्टॉक महोत्सवाच्या कराराची प्रतही होती. म्हणजे ही ध्वनिमुद्रिका एक लहानसे दप्तरखानाच बरोबर घेऊन आली होती. ब्रिटनमध्ये तिने विक्रीच्या क्रमवारीत तिसरे आणि अमेरिकेत चौथे स्थान मिळवले.

नोंदीची निवड आणि तिच्या मर्यादा

‘लाइव्ह ॲट लीड्स’ म्हणजे लीड्सची संपूर्ण मैफल, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती वेगळी होती. मैफल दोन तासांहून अधिक काळ चालली. तबकडीच्या प्रत्येक बाजूवर साधारणतः २० मिनिटांचे संगीत मावत असे. परिणामी १९७० च्या ध्वनिमुद्रिकेत केवळ सहा गीते आली. त्यांपैकी तीन इतरांची होती : मोज ॲलिसन, एडी कॉक्रन व जॉनी किड यांची. ‘माय जनरेशन’ हे मूळचे तीन-साडेतीन मिनिटांचे गीत मात्र येथे सुमारे १५ मिनिटांचे झाले.

या निवडीत सर्वांत मोठी गोष्ट गळाली ती ‘टॉमी’. लीड्सच्या श्रोत्यांनी त्या रात्री ‘टॉमी’चा बहुतांश भाग सलग ऐकला होता. त्याच्या काही सुरावटी ‘माय जनरेशन’च्या विस्तारात डोकावतात, एवढाच त्याचा मागमूस १९७० च्या तबकडीवर राहिला. ‘टॉमी’ची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका वर्षभरापूर्वीच प्रसिद्ध झालेली असल्याने ती गीते वगळणे व्यवहारदृष्ट्या योग्य होते. परंतु त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या मनात या मैफलीची एक विशिष्ट प्रतिमा तयार झाली : उग्र, कर्णकटू, जुन्या रॉक-अँड-रोलकडे वळलेली. मैफलीचा दुसरा, चिंतनशील व कथात्मक भाग तीन दशके अधिकृतरीत्या अप्रकाशित राहिला. १९९५ मध्ये एका सीडीवर विस्तारित आवृत्ती निघाली. तीत बरीच गीते परत आली आणि डिजिटल तंत्राने खरखरही दूर करण्यात आली. २००१ च्या दोन सीडींच्या आवृत्तीत ‘टॉमी’चे सादरीकरण प्रथमच समग्रपणे उपलब्ध झाले.

अहमदनगरशी असलेला धागा

‘टॉमी’च्या संदर्भात या विषयाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध येतो. पीट टाउनशेंड हे अवतार मेहेरबाबा यांचे अनुयायी होते. मेहेरबाबांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुणे येथे एका इराणी कुटुंबात झाला; त्यांचे मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. शिक्षणासाठी ते पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात होते. पुढे अहमदनगरजवळील मेहेराबाद हे त्यांच्या कार्याचे केंद्र झाले. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धारण केले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी मेहेराझाद येथे देहत्याग करीपर्यंत ते पाळले.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात टाउनशेंड मेहेरबाबांच्या विचारांकडे आकृष्ट झाले. ‘टॉमी’च्या वेष्टनाचे चित्रकार माइक मॅकइनर्नी हेही मेहेरबाबांचे अनुयायी होते आणि ध्वनिमुद्रिकेच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचा उल्लेख ‘अवतार’ म्हणून करण्यात आला. बाह्य इंद्रियांची दारे बंद असलेल्या मुलाचा आंतरिक प्रवास हा ‘टॉमी’चा विषय टाउनशेंड यांच्या त्या काळातील अध्यात्मचिंतनातून आकारास आला. १९७१ मधील ‘बाबा ओ’रायली’ या गीताच्या नावात मेहेरबाबा आणि अमेरिकन संगीतकार टेरी रायली या दोघांची नावे एकत्र आली आहेत. १९७२ मध्ये टाउनशेंड यांनी मेहेराबादला भेट दिली. अहमदनगर शहराचे नामांतर पुढे २०२४ मध्ये अहिल्यानगर असे झाले.

लीड्सची मैफल मेहेरबाबांच्या देहत्यागानंतर एक वर्ष व दोन आठवड्यांनी झाली. त्या रात्रीच्या कार्यक्रमातील जो भाग अहमदनगरच्या परिसराशी वैचारिक नाते सांगणारा होता, नेमका तोच प्रथम प्रसिद्ध झालेल्या नोंदीतून वगळला गेला. यामागे कोणाचाही हेतू नव्हता. तबकडीची लांबी व बाजाराचा व्यवहार एवढीच कारणे होती. पण केवळ १९७० ची ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यास या नात्याची कल्पना येणे शक्य नव्हते. नोंद जे सांगते त्याबरोबरच ती काय सांगत नाही याचाही विचार अभ्यासकाने का केला पाहिजे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

हलचे पुनरागमन

हलच्या मैफलीच्या फिती नष्ट झाल्या नव्हत्या. त्या केवळ पडून होत्या. २०१० मध्ये लीड्सच्या मैफलीस ४० वर्षे झाल्यानिमित्त विशेष संच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात हलची मैफलही समाविष्ट करण्यात आली. २०१२ मध्ये ती स्वतंत्रपणे निघाली. ज्या गीतांत बास गिटारचा ध्वनी नव्हता, तेथे आदल्या रात्री लीड्समध्ये वाजविलेला एंटविसल यांचा बास डिजिटल तंत्राने जुळवून बसविण्यात आला. दोन्ही रात्री गीते व क्रम जवळपास सारखे असल्याने हे शक्य झाले.

येथे एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो. आज ऐकू येणारी हलची ती गीते हलची म्हणावीत काय? डाल्ट्री, टाउनशेंड व मून १५ फेब्रुवारीच्या रात्रीचे आहेत आणि एंटविसल १४ फेब्रुवारीच्या रात्रीचे. श्रवणास ते एकजीव वाटतात, परंतु असा क्षण प्रत्यक्षात कधीही घडलेला नाही. हलच्या सभागृहात त्या रात्री बास निश्चितच वाजला होता आणि श्रोत्यांनी तो ऐकलाही होता. हरवला होता तो फक्त फितीवरून. हलच्या श्रोत्यांचा अनुभव लीड्सच्या श्रोत्यांच्या अनुभवापेक्षा उणा होता असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. तरीही ४० वर्षे जगाने लीड्सचे नाव घेतले आणि हलचे घेतले नाही. एका ध्वनिपथावरील अभावाने एका शहराच्या सांस्कृतिक इतिहासातील पान कोरे राहिले.

दुसरी भेट : १७ जून २००६

या ३६ वर्षांत बरेच काही घडून गेले होते. कीथ मून यांचे ७ सप्टेंबर १९७८ रोजी आणि जॉन एंटविसल यांचे २७ जून २००२ रोजी निधन झाले. लीड्सला परतले ते वयाची साठी ओलांडलेले डाल्ट्री व टाउनशेंड. ड्रमवर झॅक स्टार्की आणि बास गिटारवर पिनो पलाडिनो होते. स्टार्की हे ‘बीटल्स’चे रिंगो स्टार यांचे पुत्र, लहानपणी त्यांना कीथ मून यांचा सहवास व प्रोत्साहन लाभले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समूहाची ‘एंडलेस वायर’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. १९८२ नंतरची ती पहिलीच नवी ध्वनिमुद्रिका होती. त्यामुळे लीड्सची भेट ही केवळ जुन्या आठवणींची उजळणी नव्हती, तर नव्या दौऱ्याचा आरंभही होता.

या प्रसंगी भोजनगृहाच्या वास्तूवर निळ्या स्मृतिफलकाचे अनावरण करण्यात आले. ब्रिटनमध्ये असे निळे फलक सामान्यतः थोर व्यक्तींची निवासस्थाने व महत्त्वाच्या ऐतिहासिक स्थळी लावले जातात. विद्यार्थ्यांच्या खानावळीस हा मान मिळाला, यातून लोकप्रिय संगीताचे सांस्कृतिक स्थान किती बदलले हे दिसते. १९७० मध्ये ज्या संगीताकडे ज्येष्ठ पिढी तरुणांचा गोंगाट म्हणून पाहत होती, ते २००६ मध्ये नागरी वारशाचा भाग झाले होते. तरुणांच्या बंडाचे गीत म्हणून ओळखले जाणारे ‘माय जनरेशन’ रचणारे टाउनशेंड त्या दिवशी ६१ वर्षांचे होते.

या वारशाचा लाभ शहरासही झाला. मार्च १९७१ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ याच भोजनगृहात गायले. त्या मैफलीचे मुद्रण २०१५ मध्ये अधिकृतरीत्या प्रसिद्ध झाले. १९७५ मध्ये गायक जॉन मार्टिन यांनीही आपल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेस ‘लाइव्ह ॲट लीड्स’ हेच नाव दिले. २००७ मध्ये सुरू झालेल्या शहरातील संगीत महोत्सवानेही तेच नाव धारण केले. एका ध्वनिमुद्रिकेचे शीर्षक अशा रीतीने शहराच्या ओळखीचा भाग बनले.

निष्कर्ष

१. लीड्सच्या मैफलीची कीर्ती कलावंतांच्या गुणवत्तेवर उभी आहे हे निर्विवाद. पण तेवढ्यानेच ती निर्माण झाली नाही. शिक्षणाचा विस्तार, सक्षम विद्यार्थी संघ, फिरती मुद्रणयंत्रणा आणि हल येथील तांत्रिक बिघाड हे सर्व घटक तिच्यामागे आहेत.

२. प्रादेशिक शहर व शिक्षणसंस्था या महानगरी कलेच्या केवळ ग्राहक असतात ही समजूत येथे अपुरी ठरते. लीड्सच्या विद्यार्थ्यांनी जी व्यवस्था उभी केली, तिच्याविना ही ध्वनिमुद्रिका झाली नसती.

३. नोंद ही घटनेची पूर्ण प्रतिमा नसते. १९७० ची ध्वनिमुद्रिका, १९९५ व २००१ च्या आवृत्त्या आणि २०१० चा संच या एकाच दोन रात्रींच्या चार वेगवेगळ्या नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीने त्या रात्रींचे आकलन बदलले.

४. सदोष म्हणून बाजूला ठेवलेले साहित्य जपले गेले, म्हणूनच हलची मैफल परत मिळाली. अमेरिकेच्या दौऱ्यातील फितींबाबत टाउनशेंड यांची हकिगत खरी मानल्यास, तेथे ती संधी कायमची संपली.

शिक्षणसंस्थांमध्ये दरवर्षी अनेक मैफली, व्याख्याने व नाट्यप्रयोग होतात. त्यांपैकी कोणता प्रसंग पुढे मोलाचा ठरेल हे त्या दिवशी कोणासही सांगता येत नाही. फेब्रुवारी १९७० मध्ये लीड्सच्या भोजनगृहात टेबले सरकवणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ते ठाऊक नव्हते. म्हणून नोंद करण्याची आणि केलेली नोंद, ती अपुरी वा सदोष असली तरी, जपून ठेवण्याची शिस्त संस्थांनी अंगी बाणवणे आवश्यक आहे.